मनासाठी वेळ कुठून आणायचा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वय ४४ आहे, तुम्ही इंदिरानगरला राहता आणि पंचवटीतील एका शाळेत दुपारच्या सत्रात शिकवता. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगा दहावीत आहे, सासूबाईंना मधुमेह आहे आणि गुडघ्यांमुळे त्यांचे चालणे घरापुरतेच उरले आहे. गेले सात-आठ महिने तुम्हाला पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, किरकोळ कारणावरून मुलावर आवाज चढतो आणि मग दिवसभर त्याचे वाईट वाटत राहते. ‘तसं पाहिलं तर दुःख काहीच नाही,’ असेही तुम्ही लिहिले आहे. यावर उपाय म्हणून पहाटे साडेचारचा प्राणायाम, मोबाइलवरचे ध्यान, रोज रात्री कृतज्ञतेची वही आणि संध्याकाळी फोन बंद ठेवणे असे सगळे तुम्ही करून पाहिले, पण कोणतीच गोष्ट दहा दिवसांपलीकडे टिकली नाही. म्हणून तुम्ही विचारता, ‘माझ्यात शिस्तच नाही का? मनाची काळजी घ्यायला रोजचा वेळ कुठून आणू?’

मी नाशिकमध्ये २३ वर्षे मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की त्यातल्या पहिल्या अर्ध्या भागाचे उत्तर मी लगेच देऊ शकते. तुमच्यात शिस्त नाही असे मला मुळीच वाटत नाही. यजमानांच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात पहाटे पाचला उठून डबा करणारी, सासूबाईंच्या जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा सांभाळणारी आणि त्यानंतर साठ मुलांच्या वर्गासमोर उभी राहणारी व्यक्ती शिस्तीत कमी पडते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माझ्या मते खरी अडचण अशी आहे की काठोकाठ भरलेल्या दिवसात तुम्ही मनाची काळजी हे आणखी एक काम म्हणून घातले, आणि ते काम पुरे झाले नाही की त्याचाही दोष स्वतःकडे घेतला. त्यामुळे जी गोष्ट ओझे हलके करण्यासाठी सुरू केली होती, तीच ओझ्यात भर घालू लागली.

हे मी ठामपणे म्हणते, कारण ही चूक मी स्वतः माझ्या कामात केलेली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी भेटीला येणाऱ्यांना घरी करायच्या गोष्टींचा एक छापील तक्ता देत असे. त्यात चालणे, श्वसन, वाचन, छंद, मैत्रिणीशी बोलणे अशा दहा गोष्टी आणि प्रत्येकीसमोर सात दिवसांचे सात चौकोन होते. एक बाई दुसऱ्या भेटीला आल्या, त्यांनी पर्समधून तो तक्ता घडी घातलेलाच काढला आणि म्हणाल्या, ‘मॅडम, नाही जमलं, माफ करा.’ त्या माझी माफी मागत होत्या. घरी सासर, बँकेत साहेब आणि आता उपचाराच्या खोलीत मी, अशी उत्तर द्यायची आणखी एक जागा मी त्यांना तयार करून दिली होती. त्या दिवसापासून मी पहिल्या भेटीत काय सुरू करायचे ते सांगत नाही. काय थांबवता येईल, हलवता येईल किंवा दुसऱ्याच्या हाती देता येईल, ते आधी विचारते.

जागतिक आरोग्य संघटना मानसिक आरोग्याची जी व्याख्या करते, तीत माणसाने सतत आनंदी असावे असे कुठेही म्हटलेले नाही. आयुष्यातले नेहमीचे ताण पेलता यावेत, आपल्या क्षमता ओळखता याव्यात, नीट काम करता यावे आणि आपल्या समाजासाठी काही करता यावे, असा तिचा आशय आहे. तेव्हा तुमच्यासाठी विचारण्याजोगा प्रश्न ‘मी प्रसन्न का नाही’ असा नसून ‘नेहमीचे ताण मला पूर्वीइतके का पेलत नाहीत’ असा आहे. त्याचे उत्तर शोधताना मला तुमच्या पत्रातली दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची वाटतात: यजमानांची पाळी दर आठवड्याला बदलते, आणि तुम्हाला पहाटे तीनला जाग येते.

मात्र त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मी तुम्हाला भेटलेले नाही, त्यामुळे तुमच्या शरीरात काय चालले आहे हे मला सांगता येणार नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी थकवा, चिडचिड आणि झोपमोड यांचे मूळ मनातच असेल असे गृहीत धरू नये. भारतीय स्त्रियांची मासिक पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास थांबते आणि त्याआधीची काही वर्षे संप्रेरकांच्या चढउतारामुळे झोप आणि मनःस्थिती दोन्ही हलतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. थायरॉइडचे काम मंदावले तर उदासी येते आणि जास्त वाढले तर धडधड, अस्वस्थता व निद्रानाश होतो. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ ची कमतरताही नेहमी दिसते. म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर एवढ्या तपासण्या सांगून घ्या. माझ्याकडे आलेल्या कित्येक स्त्रियांचे निम्मे ‘टेन्शन’ रक्ताच्या अहवालात सापडले आहे, आणि रक्तात काही कमी असताना नुसत्या बोलण्याने तिचा थकवा जात नाही.

आता झोपेविषयी सविस्तर लिहिते, कारण इथे सुधारणा झाली तर बाकीचे पुष्कळसे आपोआप सोपे होते. पाळी कारखान्यात एकाची असते, पण घरात ती सगळ्यांची होते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तुम्ही डब्यासाठी पाचला उठत असाल. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते साडेअकराला घरी येईपर्यंत जाग्या राहून, त्यांना गरम पोळी वाढून, साडेबारा-एकला आडव्या होत असाल. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपलेले असतात, म्हणून तुम्ही कुकरची शिट्टीही जपून होऊ देत असाल. म्हणजे तुम्ही अंबडला न जाताही तिन्ही पाळ्या करता आहात. आपल्या शरीराला साधारण चोवीस तासांचे स्वतःचे घड्याळ असते. ते पेशींच्या पातळीवर कसे चालते हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर आणि नियमित वेळेवर जुळते. त्याला दर सोमवारी नवे वेळापत्रक दिले, तर ते कोणत्याच वेळापत्रकाशी जुळत नाही.

यातून मार्ग असा की, यजमानांची पाळी बदलली तरी तुमची उठण्याची वेळ बदलू द्यायची नाही. झोपण्याची वेळ आपल्या हातात पूर्ण नसते, कारण झोप हुकमाने येत नाही. उठण्याची वेळ मात्र हातात असते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात कणीक रात्री मळून ठेवली आणि भाजी चिरून ठेवली, तर पाचऐवजी साडेपाचला उठून भागते का ते पाहा. भागत असेल तर तिन्ही आठवडे आणि रविवारीही साडेपाच ते पावणेसहा हीच वेळ ठेवा आणि झोपण्याची वेळ दहा-साडेदहाकडे ओढा. पहाटे साडेचारचा प्राणायाम मात्र सध्या बंद करा. प्राणायाम चांगलाच आहे, पण जिला आधीच पाच तासांची झोप मिळते आहे तिने त्यातला आणखी एक तास काढून तो केला, तर लाभापेक्षा हानी अधिक होते.

दुसऱ्या पाळीचा आठवडा सर्वांत अवघड, कारण तिथे प्रश्न फक्त वेळेचा नाही, मायेचाही आहे. माणूस आठ तास उभे राहून घरी येतो आणि घरात सगळे झोपलेले, हे आपल्याकडे चांगले दिसत नाही. त्यामुळे मी जेव्हा ‘तुम्ही झोपा, जेवण डब्यात ठेवा, त्यांच्याजवळ दाराची वेगळी किल्ली असू द्या’ असे सांगते, तेव्हा बायका लगेच ‘बरं’ म्हणत नाहीत, आणि ते मला समजते. म्हणून मी सोबत रद्द करायला न सांगता ती दुसऱ्या वेळेला हलवायला सांगते. त्या आठवड्यात ते दुपारी दोननंतर निघतात आणि तुमची शाळा दुपारची आहे. म्हणजे सकाळी साडेआठ-नऊला दोघांनी बसून चहा-नाश्ता करण्याइतका वेळ घरात आहे. सातपूरच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थांनी मला सांगितले होते की, रात्री बायको अर्धवट झोपेत वाढते तेव्हा ती बोलत नाही आणि आपल्यालाही बोलवत नाही. सकाळच्या त्या अर्ध्या तासात मात्र खरे बोलणे झाले. तुमच्या घरी तसेच होईल असे मी म्हणत नाही, पण विचारून पाहण्यासारखे आहे.

पहाटे तीनला जाग येण्याविषयी आणखी दोन-तीन गोष्टी. जाग आल्यावर घड्याळ पाहू नका, कारण ‘आता फक्त अडीच तास उरले’ हा हिशेब सुरू झाला की झोप पूर्ण जाते. अंदाजे वीस मिनिटांत पुन्हा झोप लागली नाही, तर अंथरुणातून उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी साधे, नीरस काम करा आणि डोळे जड झाले की परत या. अंथरूण म्हणजे काळजी करण्याची जागा अशी मनाची जी सवय झालेली असते, ती मोडण्यासाठी ही पद्धत १९७० च्या दशकापासून वापरली जाते आणि निद्रानाशावर ती आजही पहिल्या उपायांपैकी आहे. शाळेतून आल्यावर सहा वाजता घेतलेला चहा हेही एक कारण असू शकते. चहातले कॅफिन शरीरातून निम्मे कमी व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकराला तुम्ही आडव्या होता तेव्हा त्यातले अर्धे अजून काम करत असते. शेवटचा चहा मधल्या सुट्टीत, तीनच्या आत घेऊन पाहा. आणि सकाळी दहा-पंधरा मिनिटे उघड्या आकाशाखाली जा. गच्ची चालेल, जॉगिंग ट्रॅक चालेल, दूध आणायला पायी गेलात तरी चालेल.

यानंतरचा भाग आहे घरातल्या कामाचा, आणि इथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. हे झाले हातांचे काम. कामे लक्षात ठेवण्याचे जे काम आहे, ते त्या मिनिटांत दिसतही नाही. गॅस सिलिंडर कधी संपेल, सासूबाईंच्या गोळ्यांचे पाकीट कोणत्या दिवशी रिकामे होईल, मुलाच्या क्लासचा हप्ता कधी भरायचा, गावाकडच्या लग्नाला आहेर काय न्यायचा, हे सगळे एका डोक्यात चोवीस तास चालू असते. पहाटे तीनला जागी होणारी बाई बहुतेक वेळा कोणत्या मोठ्या दुःखाने जागी झालेली नसते. ती ही यादी तपासत असते. ‘तसं पाहिलं तर दुःख काहीच नाही’ या तुमच्या वाक्याचा अर्थ मी असा लावते.

घरच्यांना ‘मला मदत करा’ असे सांगून हा भार हलका होत नाही, असा माझा अनुभव आहे. मदत म्हटले की लक्षात ठेवणे, सांगणे, आठवण करणे आणि झाले का ते पाहणे तुमच्याकडेच राहते. समोरचा फक्त हात लावतो. त्याऐवजी एखादे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, विसरण्याच्या जोखमीसकट, दुसऱ्याच्या नावावर करायचे. त्यासाठी आधी अशी कामे निवडा ज्यात चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. सासूबाईंची मधुमेहाची औषधे पहिल्याच महिन्यात कोणाकडे सोपवू नका. पण गॅस, वीजबिल, किराणा आणि क्लासची फी ही कामे यजमानांकडे जाऊ शकतात. मुलाने स्वतःचा गणवेश, स्वतःचा डबा धुणे आणि रात्री आजीचे अंथरूण घालणे एवढे करावे. दहावी आहे म्हणून मुलाला पाण्याचा पेलाही उचलू द्यायचा नाही, ही पद्धत मला मान्य नाही. पंधरा मिनिटांच्या घरकामाने कोणाचे गुण कमी होत नाहीत आणि दिवसभर पुस्तकासमोर बसलेल्या मुलाला उठायला कारणही मिळते. सोपवलेल्या कामाची एक महिनाभर आठवण करून द्यायची नाही, हा यातला सर्वांत अवघड नियम आहे. वीजबिल एकदा उशिरा भरले जाईल आणि थोडा दंड लागेल. तो लागू द्या.

हे बोलायचे कसे, हेही महत्त्वाचे आहे. भांडण झाल्यावर किंवा ते पाळीवरून आल्या आल्या हा विषय काढलात, तर तो आरोप वाटेल. रविवारी सकाळी सगळे निवांत असताना काढा आणि ‘तुम्ही कोणी काही करत नाही’ असे न म्हणता घडते आहे तेवढेच सांगा: ‘मला सात महिने झोप लागत नाहीये, माझी चिडचिड होते ती मलाच आवडत नाही. घरातली चार कामं मी डोक्यातून काढून टाकणार आहे, ती कोण घेईल ते आज ठरवू या.’ सासूबाईंनाही या बोलण्यात बसवा. चालता येत नसले तरी शेंगा सोलणे, भाजी निवडणे, फोनवरून किराणा सांगणे ही कामे त्या करू शकतात, आणि आपण घरात कोणाच्या तरी उपयोगी पडतो ही भावना त्यांच्या मनालाही हवी असते. अर्थात प्रत्येक घर ऐकणारे नसते. तुमच्या यजमानांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही. चार कामांऐवजी एकच सुटले तरी तिथून सुरुवात होते.

काळजीचे विचार थांबवता येत नाहीत, पण त्यांना वेळ नेमून देता येते. हे मी दिंडोरी भागातल्या एका द्राक्ष बागायतदारांकडून जितके स्पष्ट शिकले, तितके पुस्तकातून शिकले नव्हते. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढचे तीन-चार महिने त्यांचा जीव आभाळात अडकलेला असे. ढग आले की डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती, फुलोऱ्यात पाऊस झाला की घड कुजण्याची भीती, आणि रात्री दोन-तीन वेळा उठून मोबाइलवर हवामान पाहणे. त्यांना ‘काळजी करू नका’ असे सांगणे निरर्थक होते, कारण काळजीचे कारण खरे होते. आम्ही ठरवले की रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा या वेळात ते वहीत सगळ्या काळज्या लिहितील आणि प्रत्येकीसमोर ‘उद्या काय करायचे’ ते लिहितील: फवारणी, औषधाची सोय, मजुरांना फोन. जिच्यासमोर लिहिण्यासारखे काहीच नसेल, तिच्यासमोर फक्त ‘आभाळ’ असे लिहायचे. रात्री जाग आली की मनाला एवढेच सांगायचे की हे वहीत आहे, उद्या सहाला पाहू. पहिले दोन आठवडे फारसा फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले की रात्री जाग येते, पण मोबाइल हातात घ्यावासा वाटत नाही.

तुम्ही शिक्षिका आहात, वही तुमच्या हाताची आहे. कृतज्ञतेची वही बाजूला ठेवा आणि तीच पाने या कामाला वापरा. कृतज्ञतेची वही वाईट आहे असे नाही, पुष्कळांना ती मानवते; पण अतिशय थकलेल्या माणसाला ती ‘इतकं सगळं असून मी समाधानी नाही’ अशी नवी बोचणी लावते, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि तुमच्या पत्रात मला ती बोचणी दिसली. झोपण्यापूर्वी उद्याच्या कामांची यादी पाच मिनिटांत लिहून ठेवणेही उपयोगी पडते. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, पुढच्या दिवसांची कामे लिहिणाऱ्यांना झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठे निष्कर्ष बांधू नयेत, पण करून पाहण्यात काही गमवायचे नाही.

मुलावर आवाज चढण्याविषयी तुम्ही ज्या वेदनेने लिहिले आहे, तिच्याकडे मला दुर्लक्ष करायचे नाही. आठवडाभर एवढेच पाहा की आवाज नेमका कोणत्या वेळी चढतो. माझा अंदाज असा की तो शाळेतून घरी आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात चढत असेल. दिवसभर वर्ग, मग मुंबई नाक्यावरची गर्दी स्कूटरवरून पार करून तुम्ही दार उघडता आणि आत मोबाइल घेऊन बसलेला मुलगा दिसतो. त्या क्षणी रागावण्याचे कारण लहान आणि थकवा मोठा असतो. घरात शिरण्यापूर्वी दहा मिनिटे कुठेतरी थांबा. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी मारा किंवा गाडी लावून नुसत्या बसा आणि श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला अधिक वेळ द्या. चारपर्यंत मोजत घ्या, सहापर्यंत मोजत सोडा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते आणि शरीराला धोका टळल्याची खूण मिळते. ही दहा मिनिटे तुम्ही कोणाकडून चोरत नाही. घरी जाऊन ती भांडणात जाणारच होती. आणि कधी आवाज चढलाच, तर मुलाला एका वाक्यात सांगा, ‘मघाशी मी जास्त बोलले, ते चुकलं.’ त्यापुढे ‘पण तू पण…’ हे जोडू नका. पंधरा वर्षांच्या मुलाला आईची माफी लहान वाटत नाही. आपल्या आवाजाची जबाबदारी कशी घ्यायची, हे तो त्यातून शिकतो.

चालण्याबद्दल थोडक्यात: आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल असावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मनासाठीही तिचा उपयोग चांगला सिद्ध झाला आहे. पण तुम्ही आत्ता तो आकडा डोळ्यांसमोर ठेवू नका. झोप सुधारली की चालावेसे वाटू लागते. उलट क्रमाने ते क्वचित जमते. पुढे कधी रविवारी घरचे सगळे पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आलात, तर त्यात सोबतही आहे आणि सकाळचे ऊनही.

आता हे सगळे कधी पुरेसे नसते, ते सांगते. दोन आठवडे किंवा अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस राहिला नसेल, भूक किंवा वजन बदलले असेल, शिकवताना लक्ष टिकत नसेल, आपण कोणाच्या कामाच्या नाही असे वाटत असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. पहाटे लवकर जाग येणे हेही त्याचे एक लक्षण आहे, म्हणूनच मी ते नुसत्या पाळीवर ढकलून मोकळी होत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यातल्या बहुसंख्यांना उपचार मिळालेले नव्हते. असा आजार असेल तर रजा, सुट्टी किंवा वही यांनी तो बरा होत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे लागते. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, ती झोपेच्या गोळ्यांसारखी नसतात आणि ती मनाने मध्येच बंद करायची नसतात. याउलट मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून झोपेची गोळी आणून घेणे मात्र टाळा, कारण त्यातल्या काही गोळ्यांची सवय खरोखरच लागते.

शाळेत कळेल ही भीती तुमच्या मनात असेल, तर हे माहीत असू द्या की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. खासगी दवाखान्याचा खर्च नको असेल तर जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे. घराबाहेर पडणेही कठीण असेल तर १४४१६ हा ‘टेली-मानस’ या फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सेवेचा सरकारी क्रमांक आहे, ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. पहाटे तीनलाही तिथे कोणीतरी फोन घेते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदाही आला असेल, तर वर लिहिलेले काहीही करून पाहत थांबू नका. त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगा आणि या क्रमांकावर बोला.

आणि एक शेवटची, व्यवहाराची सूचना. हे सगळे उद्याच सुरू करू नका. यजमानांच्या रात्रपाळीचा किंवा दुसऱ्या पाळीचा आठवडा चालू असेल, तर या आठवड्यात फक्त रक्ततपासणी करून घ्या आणि सहाचा चहा बंद करा. पहिली पाळी ज्या सोमवारी लागेल, त्याच्या आदल्या रविवारी घरच्यांशी बोला, रात्री कणीक मळून ठेवा आणि सोमवारपासून उठण्याची वेळ पक्की करा. तीन आठवड्यांचे एक पूर्ण चक्र जाऊ द्या, त्यात दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दोन-तीन रात्री मोडतील हे धरूनच चाला, आणि त्यानंतर झोप किती आणि कशी लागली हे मला कळवा. रक्ताचे अहवाल आले असतील तर त्यात काय निघाले, तेही लिहा. त्यावरून पुढचे ठरवता येईल.